धुऱ्याला काडी लावण्याआधी

मोहफुले सरत आली की नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी-देवलापार पट्ट्यात संध्याकाळी धुराच्या रेघा दिसू लागतात. मोह वेचणाऱ्याने झाडाखालचा पाचोळा पेटवलेला असतो, शेतकऱ्याने वावराचा धुरा, म्हणजे बांध. पारा ४४ अंशांवर असताना दुपारच्या वाऱ्यात ही आग आवरत नाही. म्हणून बाकीची कामे मागे पडली तरी चालेल, पण या आठवड्यात कुणीही काडी ओढू नये.

पळस, खैर, बीजा आणि शिरीष यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र (नायट्रोजन) बांधून झाडाला देतात आणि त्याचा काही भाग पानांतून जमिनीवर उतरतो. आपल्या पानझडी जंगलात हा पाचोळा उन्हाळाभर कोरडा पडून राहतो. मृगाच्या सरींनी ओलावा मिळाला की बुरशी व जिवाणू तो कुजवतात आणि त्यातून सुटलेले नत्र स्वतः नत्र न बांधणाऱ्या साग, ऐन, धावडा यांनाही मिळते. एप्रिल-मे महिन्यांत लावलेली आग ही साठवण वापरात येण्याच्या तोंडावरच संपवते. पाचोळ्यातले बहुतेक नत्र आणि बरेचसे गंधक धुरावाटे जाते. राखेत पालाश (पोटॅश) व चुना उरतो खरा, पण उतारावरची ती हलकी राख पहिल्या जोराच्या पावसात नाल्याला लागते. मग जुलैमध्ये पिवळ्या पडलेल्या पिकासाठी हाच शेतकरी युरियाच्या गोणीबरोबर एखादे महागडे ‘भूमी टॉनिक’ही उधारीवर उचलतो. माती परीक्षणाचा अहवाल हाती नसताना अशा बाटल्यांवर पैसा घालू नये.

शेंग येणारे प्रत्येक झाड नत्र बांधत नाही. बहावा, चिंच आणि आपटा यांच्या मुळांवर गाठी नसतात, तरीही एका रोपविक्रेत्याने मला बहाव्याची रोपे ‘नत्राची’ म्हणून दाखवली होती. धुऱ्यासाठी नत्र बांधणारे गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) सोयीचे आहे. ऑगस्टमध्ये त्याचे एखादे रोप ढेकळासकट उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर ती काम करते आहे, हिरवट किंवा राखाडी असेल तर नाही. सुबाभूळ मात्र बी पडून वावरात शिरते, म्हणून ती मी सुचवत नाही.

न जाळलेल्या, पळस असलेल्या धुऱ्यालगतची पिकाची दोन-तीन तासे (ओळी) अधिक काळोखी धरतात, म्हणजे गर्द हिरवी दिसतात, असे मला अनेक ठिकाणी दिसले आहे. हे मोजमाप नव्हे, नजरेचा अंदाज आहे. बाभळीखाली मात्र सावलीने पीक दबते, तेही पाहिले आहे.

इतर कामे:
- नांगरट उताराला आडवी.
- पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) वावराबाहेर काढून, बारीक करून कंपोस्टमध्ये. गुलाबी बोंडअळीला आसरा नको म्हणून ती उभी ठेवू नये.
- मातीचे नमुने खत टाकण्यापूर्वी.
- गिरीपुष्पाची लागवड चांगला पाऊस झाल्यावर.
- तूर व सोयाबीनला त्या-त्या पिकाचे रायझोबियम (गाठींतल्या जिवाणूंचे खत), २५ ग्रॅम प्रति किलो बियाणे. बुरशीनाशक आधी, जिवाणू नंतर. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी.

धुऱ्यावरचे गवत नकोच असेल तर ते विळ्याने कापून संत्र्याच्या आळ्यात, खोडापासून वीतभर अंतर सोडून पसरावे. राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे, आणि धुऱ्यावरची ठिणगी जंगलाची हद्द पाहून थांबत नाही.