सारख्याच दिसणाऱ्या दोन फोनमधून एक कसा निवडायचा

माझ्या बहिणीने नवा फोन घ्यायचं ठरवलं आणि पंधरा दिवस शोधाशोध करून ती दोन नावांवर येऊन अडली. रॅम दोन्हीकडे ८ जीबी, स्टोरेज १२८ जीबी, कॅमेरा ५० मेगापिक्सेल, बॅटरी ५००० एमएएच, स्क्रीन १२० हर्ट्झची. किंमतही जवळपास तीच. "दादा, यात डावं-उजवं करायचं तरी कसं?" असा तिचा फोन आला आणि आम्ही तासभर बोलत बसलो. मधल्या किमतीच्या अशा दोन फोनमध्ये फरक असतोच, फक्त ठळक छापलेल्या आकड्यांत तो सापडत नाही. कुठे सापडतो, ते तिला ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने इथे लिहितोय.

पायरी १: आधी स्वतःचा वापर लिहून काढा

एक कागद घ्या आणि फोनवर तुम्ही सर्वांत जास्त वेळ कशात घालवता त्या तीन गोष्टी लिहा. आठवून लिहू नका, हातातला जुना फोन उघडून बघा. सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम' या नावाखाली कुठल्या अ‍ॅपवर किती तास गेले ते दिसतं. आपण फोटोसाठी फोन घेतोय असं बहिणीला वाटत होतं. प्रत्यक्षात तिचे सर्वाधिक तास व्हिडिओ कॉल आणि वाचन यांत गेलेले निघाले.

त्याखाली दोन रकाने आखून दोन्ही फोनची माहिती लिहा आणि सारख्या ओळींवर पेन्सिलने हलकी रेघ मारा. पेन्सिलनेच, कारण त्यातल्या काही ओळी पुढच्या पायरीत परत जिवंत होणार आहेत.

पायरी २: सारख्या आकड्यांच्या आत डोकावा

गोम इथेच आहे, म्हणून या पायरीला वेळ द्या. आकडा सारखा असला तरी आतला माल सारखा असेलच असं नाही.

प्रोसेसरपासून सुरू करा. "आठ कोर", म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे आठ भाग, हे दोन्हीकडे लिहिलेलं असतं, पण ते आठ कोणते? मीडियाटेकच्या डायमेन्सिटी ७०५० मध्ये दोन दमदार कॉर्टेक्स-ए७८ कोर आणि सहा हलके ए५५ कोर आहेत. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ मध्ये हेच प्रमाण चार आणि चार आहे. कागदावर दोन्ही आठच. नावातल्या मोठ्या आकड्यावरही भाळू नका. डायमेन्सिटी ७०५० ही आधीच्या डायमेन्सिटी १०८० चीच नवी पाटी आहे. स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ नावाने सातव्या मालिकेतली असली, तरी ६ जेन १ शी ताडून बघा: कोरची जुळणी तीच आणि ग्राफिक्सही तेच अ‍ॅड्रिनो ७१०. तेव्हा प्रोसेसरचं नाव सोडा, आत कोणते कोर किती आहेत ते वाचा.

मग स्टोरेज. १२८ जीबी म्हणजे किती मावेल ते कळलं, किती वेगाने वाचलं-लिहिलं जाईल ते कळलं नाही. त्यासाठी प्रकार बघावा लागतो. ईएमएमसी ५.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला साधारण ४०० एमबी, यूएफएस २.२ ची साधारण १२०० आणि यूएफएस ३.१ ची साधारण २९००. या कागदावरच्या मर्यादा आहेत, प्रत्यक्षात वेग कमीच मिळतो, पण क्रम तोच राहतो. फोन नवा असताना हा फरक फारसा जाणवत नाही. हजारो फोटो साठले, स्टोरेज भरत आलं आणि मागे एखादं अपडेट चालू असलं की हळू स्टोरेजवाला फोन साधा की-बोर्ड उघडायलाही अडखळतो. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांतही हा प्रकार वेगळा असू शकतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीला यूएफएस ३.१ होतं आणि २५६ जीबीला यूएफएस ४.०. म्हणून नेमकी जी आवृत्ती घेणार, तिचीच माहिती काढा.

रॅमच्या बाबतीत "८ + ८ जीबी" असं लिहिलेलं दिसलं तर दुसरे आठ खोडून टाका. ती स्टोरेजचीच जागा रॅम म्हणून वापरायची सोय आहे आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं. उरलेल्या आठमध्ये एलपीडीडीआर४एक्स आणि एलपीडीडीआर५ हा रॅमच्या प्रकाराचा भेद असेल तर दुसरी अधिक वेगवान.

कॅमेऱ्यात मेगापिक्सेलची ओळ पूर्ण विसरा. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर, म्हणजे भिंगामागची उजेड टिपणारी चिप, एरवी चार-चार पिक्सेल जोडून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. बघायच्या गोष्टी दोन. पहिली सेन्सरचा आकार: तो १/१.५६ इंच, १/२.७६ इंच असा लिहितात आणि छेद जितका लहान तितका सेन्सर मोठा, म्हणजे कमी उजेडात फोटो चांगला. दुसरी ओआयएस, म्हणजे हात हलला तरी आतली भिंग किंवा सेन्सर सरकवून फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा. एका फोनला ओआयएस असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर घरात, संध्याकाळी, कमी उजेडात फोटो काढणाऱ्याने फार विचार करू नये, ओआयएसवाला घ्यावा. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो किंवा डेप्थ कॅमेरा मात्र मागे लेन्सची संख्या वाढवण्यापुरताच असतो, त्याला शून्य गुण द्या.

स्क्रीनच्या उजेडाचा जो मोठा आकडा छापतात तो बहुतेक वेळा स्क्रीनच्या छोट्याशा भागावर, थोड्या वेळापुरता मिळणारा असतो. उन्हात वाचताना उपयोगी पडतो तो पूर्ण स्क्रीनचा आकडा. त्याला 'हाय ब्राइटनेस मोड' म्हणतात, तोच ताडून बघा. पाण्याच्या बाबतीत आयपी६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, आयपी५४ म्हणजे नुसते शिंतोडे. "वॉटर रेझिस्टंट" असा मोघम शब्द असेल आणि पुढे आकडा नसेल, तर तो धरूच नका.

पायरी ३: अपडेटचे महिने मोजा

माझ्या मते दोन सारख्या फोनमधला सगळ्यात मोठा फरक हाच, आणि तो बेरीज-वजाबाकीने काढता येतो. सिक्युरिटी अपडेट बंद झालेल्या फोनमध्ये नवी सापडलेली भगदाडं तशीच उघडी राहतात आणि आज बँकेपासून आरोग्याच्या नोंदींपर्यंत सगळं त्याच फोनमध्ये असतं.

लक्षात ठेवायचं ते हे की कंपनीने दिलेली मुदत साधारणपणे फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. समजा, पहिला फोन दीड वर्षापूर्वी आला आणि त्याला चार वर्षांचं आश्वासन आहे. दुसरा दोन महिन्यांपूर्वी आला आणि त्याला तीन वर्षांचं. वाटतं पहिला बरा. मोजून बघा: पहिल्याचे ४८ मधून १८ गेले, उरले ३० महिने. दुसऱ्याचे ३६ मधून २ गेले, उरले ३४. कमी आश्वासनवाला फोन चार महिने जास्त टिकला.

अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सिक्युरिटी अपडेट ही दोन वेगळी आश्वासनं आहेत, दोन्ही वेगळी लिहा. "तीन नव्या आवृत्त्या" असं सांगितलेला फोन बाजारात आला तेव्हाच एक आवृत्ती मागे असेल, तर पहिली आवृत्ती नुसती बरोबरी साधण्यात जाते. दुकानातल्या फोनवर 'अबाउट फोन'मध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती पाच-सहा महिने जुनी असेल, तर दुकानातला फोन इंटरनेटला जोडलेला नसल्यानेही तसं झालेलं असू शकतं, म्हणून घरच्या वाय-फायवरच्या फोनमध्येही तीच तारीख आहे का, हे तो फोन वापरणाऱ्या कुणाला तरी विचारून घ्या.

मधल्या किमतीत फार वर्षं मिळत नाहीत, ही समजूत आता जुनी झाली. मे २०२४ मध्ये आलेल्या गूगलच्या पिक्सेल ८ए ला ७ वर्षांचं आश्वासन होतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच आहे की मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट उपलब्ध राहिले पाहिजेत आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची क्षमता ८० टक्के उरली पाहिजे. तुमच्या यादीतला फोन तिकडेही विकला जात असेल, तर त्याचं तिथलं ऊर्जा-लेबल शोधून बघा. बॅटरीचं आयुष्य, फोन किती वेळा पडूनही चालतो, दुरुस्तीची सोय कशी आहे, हे सगळं त्यावर शेजारी शेजारी ताडता येतं.

पायरी ४: दोन्ही फोन हातात घ्या आणि दहा मिनिटं द्या

मी एकदा ही पायरी गाळली आणि दोन वर्षं पस्तावलो. फोन सगळ्या आकड्यांत सरस होता, पण कॉलवर बोलताना तो कानाला लावला की स्क्रीन विझायची नाही. गालाने कधी म्यूट दाबलं जायचं, कधी कॉल होल्डवर जायचा, आणि समोरचा "हॅलो, हॅलो" करत बसायचा. नंतर कळलं की त्यात प्रॉक्सिमिटी सेन्सरचा, म्हणजे फोन कानाजवळ आला हे ओळखणारा, वेगळा सुटा भागच नव्हता. त्याचं काम सॉफ्टवेअर आवाजाच्या लहरी वापरून करत होतं. माहितीपत्रकात 'प्रॉक्सिमिटी सेन्सर: आहे' एवढंच लिहिलेलं. त्यापुढे 'व्हर्च्युअल' हा शब्द आहे का, हे मी आता आधी शोधतो.

हातात घेतल्यावर एका हाताने, अंगठ्याने चार ओळींचा निरोप टाइप करा. अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत पोचतो का, की दरवेळी पकड बदलावी लागते? पंधरा-वीस ग्रॅमचा फरक वाचताना हास्यास्पद वाटतो, पण झोपून वाचणाऱ्याच्या मनगटाला तो रोज कळतो. स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा आणि पांढरं पान उघडून मिनिटभर वाचा. ओएलईडी स्क्रीन कमी उजेडासाठी अतिवेगाने उघडझाप करतात आणि काहींच्या डोळ्यांना ते सोसत नाही. डोळे चुरचुरले तर तो फोन तिथेच बाद.

मग एकाच जागी उभं राहून दोन्ही फोनने तोच फोटो काढा. उजेडात सगळेच फोटो छान येतात, त्यामुळे कुणाला तरी सावलीत हात हलवायला सांगा. बोटं सुटी दिसतात की पुसट रेघ होते ते मोठं करून बघा. पाठीमागे खिडकी ठेवून एक चेहरा टिपा. व्हिडिओ चालू ठेवून अंधाऱ्या कोपऱ्याकडून उजेडाकडे फिरवा आणि चेहऱ्याचा रंग किती वेळाने जागेवर येतो ते पाहा.

शेवटी अ‍ॅपची यादी उघडून, तुम्ही मागितलेली नसताना आलेली अ‍ॅप किती आहेत ते मोजा. त्यातली किती काढता येतात, हे जास्त महत्त्वाचं.

पायरी ५: बॅटरी, चार्जर, नेटवर्क

इथे फार वेळ घालवू नका. बॅटरी सारखी असली तरी ती किती पुरेल हे प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर ठरवतं, त्यामुळे कुणीतरी दोन्ही फोनवर एकसारखीच केलेली चाचणी शोधा. खोक्यात चार्जर आहे का ते बघा. नसेल, तर घरातल्या यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या, म्हणजे एकाच कंपनीपुरत्या नसलेल्या, चार्जरवर फोन किती वॅट घेतो ते तपासा. काही फोन त्यांच्याच कंपनीच्या चार्जरवर ६७ वॅट घेतात आणि इतर चार्जरवर त्याच्या निम्मेही नाहीत. फोन परदेशातून मागवणार असाल, तर तुमच्या नेटवर्कचे बँड (ते वापरतं ते लहरींचे पट्टे) त्यात आहेत ना, हे आधी बघा. ते नंतर बसवता येत नाहीत. एनएफसी, ई-सिम, मेमरी कार्डची जागा, हेडफोनचा जॅक: यातलं जे तुम्ही आजच वापरता, तेवढंच मोजा.

पायरी ६: फोन फुटल्यावर काय, ते आजच विचारा

दोन्ही कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि मॉडेलचं नाव सांगून तीनच प्रश्न विचारा: स्क्रीन बदलायला किती पैसे, बॅटरी बदलायला किती, आणि सुटे भाग हजर आहेत की मागवावे लागतील? उत्तर लगेच मिळालं की चार ठिकाणी कॉल फिरला, हीसुद्धा माहितीच आहे. बहिणीच्या दोन फोनमधला एक इथेच मागे पडला. त्याची स्क्रीन बदलायला जवळपास अर्ध्या फोनची किंमत लागत होती.

पायरी ७: जुन्या वापरकर्त्यांचं ऐका

पहिल्या आठवड्यातले अभिप्राय नव्याच्या कौतुकात लिहिलेले असतात. सहा महिन्यांनंतरचे वाचा, त्यातही तीन तारेवाले, कारण त्यांत चांगलं-वाईट दोन्ही असतं. एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या शब्दांत केली असेल तर ती गंभीर समजा. गेम खेळणाऱ्यांनी थ्रीडीमार्क या ग्राफिक्सचा वेग मोजणाऱ्या अ‍ॅपच्या स्ट्रेस टेस्टचे निकाल बघावेत. ती चाचणी तेच दृश्य सलग २० वेळा चालवते. फोन तापल्यावर शेवटचा आकडा पहिल्याच्या किती टक्के उरला, यावरून खरा दम कळतो.

पायरी ८: ठरवा, आणि परत करायच्या मुदतीत तपासा

पहिल्या पायरीतला कागद काढा. तुमच्या तीन कामांत जो फोन पुढे तो घ्या. तिथेही बरोबरी झाली, तर ज्याचे अपडेटचे महिने जास्त उरले आहेत तो. तीही बरोबरी झाली, तर जो हातात बरा वाटला तो, आणि मग रंग आवडीचा निवडायला काहीच हरकत नाही.

फोन घरी आला की परत करायची मुदत किती दिवस आहे ते आधी बघून घ्या आणि तेवढ्या दिवसांत त्याला भरपूर राबवा. पांढरा, काळा, लाल असे कोरे रंग पूर्ण स्क्रीनवर लावून मेलेले पिक्सेल शोधा. दहा मिनिटं फोर-केमध्ये व्हिडिओ काढून फोन किती तापतो ते हाताने बघा. ओल्या बोटाने फिंगरप्रिंट लावा. आणि घरातल्या कुणाला तरी कॉल लावून, फोन गालाला टेकवून, पंधरा मिनिटं निवांत गप्पा मारा.