खाजनातली माती तपासायला निघण्यापूर्वी

नेहमीच्या माती परीक्षणाची सवय आधी घरी ठेवा. खताची मात्रा ठरवायची तर आपण शेतभर नागमोडी फिरून वरची १५-२० सेंमी माती काढतो, घमेल्यात कालवतो, सावलीत वाळवतो आणि अर्धा किलो पिशवीत भरतो. गोव्यातल्या दिवाडी-चोडणच्या खाजनात (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीत) आम्ल-सल्फेट माती ओळखायला जाताना यातली एकेक कृती नमुना बिघडवते. मातीतली खोड (दोष) खालच्या थरात असते. थर मिसळले की ती पुसट होते, आणि माती सावकाश वाळवली की तिचे वर्गीकरणच बदलते.

ते कसे, हे समजून घेऊनच सामान बांधा. खारफुटीच्या कुजलेल्या मुळांत, भरतीच्या पाण्यातला सल्फेट आणि चिखलातले लोह यांच्यापासून जीवाणूंच्या मदतीने पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) बनते. पाण्याखाली ते निरुपद्रवी पडून राहते. हवा लागली की त्याचे गंधकाम्ल होते, एका टनापासून सुमारे १.६ टन. म्हणून वर्ग दोन: अजून न जागलेली ती सुप्त, आणि आम्ल सुटलेली ती प्रत्यक्ष. आपल्या हातून सुप्त मातीची प्रत्यक्ष होऊ नये, सगळी तयारी त्यासाठीच.

दिवस निवडा तो पावसाआधीचा, ओहोटीचा. कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) आणि कुळांच्या संघटनेला आधी भेटा. परवानगीसाठी जायचेच आहे, पण मानस (बांधातले पाणी सोडण्या-अडवण्याचे दार) सांभाळणाऱ्याकडून जे कळते ते नकाशात नसते: बांधाला खांड कधी पडली होती, पोंय (खाजनातला पाण्याचा खोलगट साठा) कधी उपसली, उपसलेला चिखल कुठे टाकला. तो चिखल जिथे वाळला असेल तिथे पहिले भोक घ्या. शेत किती वर्षे पडीक आहे आणि कोरगूट (खाऱ्या जमिनीत येणारे भात) शेवटचे कधी पेरले, हेही वहीत लिहा.

मऊ चिखलासाठी अर्धगोल नळीचे ऑगर (माती काढायचे गिरमिट) हवे. साध्या स्क्रूच्या ऑगरला चिखल धरत नाही आणि थर घसरतात. किमान दीड मीटर खोल जाता आले पाहिजे. मीटरपट्टी विसरू नका, कारण अमेरिकी वर्गीकरणात पृष्ठभागापासून ५० सेंमीच्या आत सल्फ्युरिक थर लागला तर माती सल्फाक्वेप्टमध्ये जाते. त्याच खोलीत सल्फिडिक द्रव्य (हवा लागली की आम्ल होणारी माती) असून अजून आम्ल झाले नसेल तर सल्फाक्वेंट. दहा सेंमीची चूक नाव बदलते. सल्फ्युरिक थर म्हणायला जाडी १५ सेंमी तरी हवी आणि सामू (pH) ३.५ किंवा त्याहून खाली. जोडीला जॅरोसाइट (पिवळे लोह-सल्फेट खनिज) दिसले तर पुरावा पक्का. वाळलेल्या पेंढ्यासारखे फिके पिवळे डाग मुळांच्या भोकांत आणि भेगांत शोधा, मनसेल रंगपत्रकाशी ताडा. तांबूस गंजाचे डाग वेगळे, वरची पांढरी मिठाची साय तर अगदीच वेगळी. मे महिन्यात खाजनावर मीठ फुलतेच, त्यावरून काही ठरवू नका.

सामूमापक निघण्याच्या सकाळी ४ आणि ७ च्या द्रावणांनी जुळवून घ्या. ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली बर्फात न्या. त्याचा मूळ सामू आम्लधर्मी असतो, म्हणून आदल्या दिवशी तो ४.५ ते ५.५ वर आणून ठेवा, नाहीतर आकडा खोटा येईल. मातीच्या चिमटीवर ते टाकले की फसफसते, कधी उकळते. चष्मा, हातमोजे आणि उष्णता सोसणारी नळी यांत तडजोड नको. आधीचा आणि नंतरचा सामू दोन्ही नोंदवा. एक मोठी घसरण दिसली तरी ती खूण समजा, निकाल नव्हे. सेंद्रिय पदार्थही पेरॉक्साइडला फसफसवतो. शिंपल्यांचा चुरा असेल तर तो आम्ल दाबून टाकतो, म्हणून तो ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटलीही घ्या.

दर २५ सेंमीला नमुना, आणि थर बदलला की तिथे वेगळा. जाड पिशवीतली हवा दाबून काढा, लगेच बर्फपेटीत ठेवा. पहिल्या वर्षी मी नमुने ओसरीवर वर्तमानपत्रावर पसरून ठेवले होते. दोन आठवड्यांनी काळसर गोळ्यांवर पिवळी झाक आली होती, आणि त्या शेतात मूळ काय होते हे मला आजही सांगता येत नाही. प्रयोगशाळेसाठीचे नमुने एकतर गोठवा किंवा ८० ते ८५ अंशांवर झटपट वाळवा.

प्रत्येक थराचा एक भाग मात्र मुद्दाम हवेत ठेवायचा आहे, म्हणून रिकामे पसरट डबे मोजून न्या. घरच्या तापमानाला एक सेंटिमीटर जाड थर, ओलसर, वर हवा. सामू निदान ०.५ ने घसरून १६ आठवड्यांत ४ किंवा त्याखाली आला तर ते सल्फिडिक द्रव्य. डब्यावर तारीख घाला. एप्रिलअखेरीस लावलेले डबे ऑगस्टच्या मध्यानंतर बोलतील. तोपर्यंत अहवालातला नावाचा रकाना कोरा ठेवा, कुणी कितीही घाई केली तरी.