गिटार वाजवताना मनगट दुखते? या चुका टाळा

तारा रुतल्यामुळे बोटांच्या टोकांना होणारी चुरचुर आणि मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी उठणारी कळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कातडी निबर झाली की काही आठवड्यांत पहिली थांबते. दुसरी मात्र सरावाबरोबर वाढत जाते आणि ‘होईल सवय’ म्हणत ती अंगावर काढणे हीच सर्वांत मोठी चूक आहे.

पुष्कळदा या दुखण्याचे मूळ गरजेपेक्षा जास्त दाबलेल्या तारेत असते. पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवर, म्हणजे लांब दांड्यावर, धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या कप्प्यांपैकी पाचव्यात) तिसऱ्या तारेला बोट नुसते टेकवावे आणि तार छेडत छेडत दाब अगदी हळूहळू वाढवावा. आधी बद्द आवाज येतो, मग खरखर, आणि एका क्षणी स्वर स्वच्छ होतो. तेवढाच दाब पुरेसा असतो, पण सवयीने आपण त्याच्या कितीतरी पुढे जातो. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीलगत, तिच्या किंचित मागे ठेवल्यास तोही कमी लागतो.

एफच्या बार कॉर्डने, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी ठेवून धरायच्या स्वरमेळाने, मला हे शिकवले. स्वर उमटत नाही म्हणून मी अंगठ्याने गिटारची मान आवळत राहिलो आणि काही दिवसांत बाटलीचे झाकण फिरवतानाही कळ येऊ लागली. वास्तविक या कॉर्डमध्ये तर्जनीला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा धरायच्या असतात. उरलेल्या तीन इतर बोटांकडे असतात. तर्जनी किंचित कडेवर वळवावी आणि अंगठ्याने चिमटा काढण्याऐवजी कोपर हलकेच मागे ओढून हाताचे वजन वापरावे. सुरुवात पाचव्या फ्रेटवर करावी, कारण पहिल्या फ्रेटवर, नटच्या (मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) अगदी जवळ, तार सर्वांत ताठ लागते.

मनगट फार वाकवणे ही दुसरी चूक. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहावी. ती घट्ट होतच नाही. वाकलेल्या मनगटाने वाजवताना बोटांची ताकद अशीच कमी पडते, आपण ती जोर लावून भरून काढतो, आणि मनगटातल्या ज्या अरुंद बोगद्यातून नऊ स्नायुरज्जू व एक मुख्य नस जाते तिथला दाब वाढतो. गिटार पट्ट्यावर फार खाली लोंबू देऊ नये. बसूनही पट्टा वापरावा आणि गिटारच्या मानेचे टोक साधारण खांद्याच्या उंचीपर्यंत वर ठेवावे.

तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर दोष हाताचा नाही. जाणकाराकडून त्या खाली बसवून घ्याव्यात किंवा पातळ तारा लावाव्यात. पिक धरणाऱ्या हाताची करंगळी गिटारवर रोवून ठेवू नये.

आठवडाभर काहीही न वाजवता रविवारी सलग तीन तास बसणे स्नायूंना मानवत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून पाच मिनिटे थांबावे आणि कळ आली तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा.

अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येणे, रात्री बधिरपणाने जाग येणे किंवा हातातून वस्तू निसटणे ही नस दबल्याची लक्षणे असू शकतात. करंगळीतल्या मुंग्यांचे मूळ अनेकदा कोपरात असते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये, आणि फिजिओथेरपिस्टकडे जाताना गिटार सोबत न्यावी, म्हणजे हात नेमका कुठे अडखळतो हे त्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.