अल्बम काळा छापून येतो? आधी मॉनिटरमागचा उजेड मोजा

नागपूरच्या महाल भागात वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी सोळा वर्षांपासून लग्नाचे अल्बम डिझाइन करते. नागपूर, भंडारा, वर्ध्याचे फोटोग्राफर पेनड्राइव्ह आणून देतात, मी १२ बाय ३६ इंचांची पानं लावते आणि फाइल छपाईच्या लॅबला पाठवते. एका मे महिन्यात एकाच आठवड्यात तीन अल्बम परत आले. तिसऱ्या अल्बमच्या नवरीची आई स्वतः जिना चढून आली. पान उघडून म्हणाली, "ताई, पोरीचा चेहरा काऊन असा काळा दिसून राहिला? मोबाइलवर तं चांगला दिसे." नवरदेवाच्या कोटाच्या घड्या तर साफ बुडाल्या होत्या. मी लॅबवाल्याशी फोनवर भांडले. त्याने शांतपणे फाइल उघडून गालावरचे आरजीबीचे, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याचे आकडे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण उजळ) वाचून दाखवले. फाइलच काळी होती.

माझ्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. मार्चनंतर ऊन आत येऊ लागलं की स्क्रीन फिकी वाटायची, आणि मी मॉनिटरचा ब्राइटनेस थोडा थोडा वाढवत न्यायची. स्क्रीन एवढी उजळ झाली की प्रत्येक फोटो मला जास्तच उजळलेला वाटायचा. मग मी तो फोटोच गडद करायची. छपाईच्या कागदामागे तर दिवा नसतो.

हे नीट समजायला मॉनिटरच्या आत काय चालतं ते बघा. एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही. त्याच्यामागे पांढऱ्या एलईडीचा उजेड कायम चालू असतो आणि पुढे लिक्विड क्रिस्टलच्या बारीक झडपा तो अडवतात किंवा सोडतात. झडप पूर्ण मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच, आणि स्क्रीनवर जो काळा दिसतो तो हाच झिरपलेला उजेड. साध्या आयपीएस पॅनेलचा (एलसीडीचा एक नेहमीचा प्रकार) कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, १०००:१ च्या आसपास असतो. म्हणजे पांढरा २५० निट (निट हे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) असेल तर काळा ०.२५ निट. मागचा उजेड कमी करून पांढरा १२० वर आणला, तर काळाही ०.१२ वर येतो. दोन्ही सोबत वर जातात, सोबत खाली येतात. ब्राइटनेस वाढवल्याने पॅनेलचा कॉन्ट्रास्ट वाढत नाही, हे मला त्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

बहुतेक मॉनिटरवर ब्राइटनेसचं बटण मागचा दिवाच कमी-जास्त करतं, आणि कॉन्ट्रास्टचं बटण नुसता सिग्नल ताणतं. कॉन्ट्रास्टला हात लावू नका, कंपनीने दिलेल्या आकड्यावर राहू द्या. ग्राहकाला टीव्हीवर पानं दाखवत असाल तर मात्र सावध राहा. अनेक टीव्हींमध्ये 'ब्राइटनेस' काळ्याची पातळी हलवतो आणि दिवा 'बॅकलाइट' या नावाखाली वेगळा असतो. सोनीच्या अलीकडच्या टीव्हींवर नेमकं उलटं आहे: तिथे ब्राइटनेस म्हणजे दिवा, आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल'.

आता मोजणी. छपाईच्या कामाला पांढरा ८० ते १२० निटच्या दरम्यान ठेवतात. कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं यंत्र, घेता आला तर उत्तमच, पण आपल्या धंद्यात प्रत्येकाकडे डीएसएलआर असतोच आणि त्याचा मीटर इथे कामी येतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. पूर्ण पांढरं पान उघडा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, अॅपर्चर एफ ४, शटर १/६०. लेन्स स्क्रीनच्या मधोमध धरा, फोकस मुद्दाम बिघडवा, आणि फ्रेममध्ये पांढऱ्याशिवाय काहीही येऊ देऊ नका. मीटर बरोबर शून्यावर आला की स्क्रीन साधारण १२० निटवर आहे. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा शून्य १/१२५ ला आला. म्हणजे अडीचशे निट, दुपटीहून जास्त! ब्राइटनेस एकेक पायरी उतरवत १/६० ला शून्य आणा आणि तो आकडा कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा. पहिले दोन दिवस स्क्रीन अंधारी वाटेल. वाटू द्या, डोळ्यांना सवय होते.

कॅमेरा हाताशी नसेल तर लॅबचा कोरा कागद घ्या. ज्या दिव्याखाली तुम्ही प्रिंट तपासता त्याच दिव्याखाली तो मॉनिटरच्या बाजूला धरा, आणि स्क्रीनवरचं पांढरं त्या कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा.

पण मॉनिटरचा दिवा कितीही नीट लावला तरी खोलीतला उजेड सगळं घालवू शकतो, आणि नागपुरात तर घालवतोच. हिशोब करून बघा. समजा खिडकीचा उजेड स्क्रीनवरून परतून तुमच्या डोळ्यांपर्यंत फक्त १ निट येतो. पांढरा १२० चा १२१ झाला, काही फरक नाही. काळा मात्र ०.१२ चा १.१२ झाला. १०००:१ चा कॉन्ट्रास्ट १०८:१ वर आला! महाग व्हीए पॅनेल (जास्त कॉन्ट्रास्टचा एलसीडी प्रकार) घेतलं, ३०००:१ वालं, तरी त्याच खोलीत ते ११६:१ वरच थांबतं. म्हणून नवीन मॉनिटर घ्यायच्या आधी पडदा घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते. पडदा राखाडी घ्या. माझा पहिला पडदा केशरी होता, आणि दुपारी खोलीभर तोच रंग पसरून नवरीची हळद दुप्पट पिवळी वाटायची. तुमच्या पाठीमागे ट्यूबलाइट नको, आणि कामाच्या वेळी अंगात पांढरा कुर्ता नको, तोही काचेत दिसतो.

पडदा लावून झाला की काळ्याची परीक्षा घ्या. फोटोशॉपमध्ये पूर्ण काळं पान, त्यावर ५, १०, १५, २० आणि २५ या राखाडी आकड्यांचे चौकोन. पडदा लावलेल्या खोलीत १० चा चौकोन पुसटसा तरी दिसायला हवा. माझ्याकडे भर दुपारी पडदा उघडला की २० चासुद्धा दिसत नाही, आणि कोटाच्या घड्या तर याच आकड्यांत असतात.

नवीन मॉनिटर घ्यायला बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात जाल तेव्हा पेनड्राइव्हमध्ये दोन फोटो न्या: एक सपाट राखाडी, १२८ चा, आणि एक पूर्ण काळा. स्वस्त, बारीक मॉनिटरमध्ये एलईडीची पट्टी एका काठाला असते आणि तो उजेड आतल्या अॅक्रिलिकच्या पाटीतून स्क्रीनभर पसरवतात. पाटी आणि वरच्या शीट नीट बसल्या नसल्या तर कोपरे उजळतात, कड काळवंडते. आपलं पान ३६ इंच रुंद, स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं. डावी कड अंधारी असली की तुम्ही नकळत डावीकडची वऱ्हाडी मंडळी उजळत बसता. राखाडी फोटोत कड वेगळी दिसली तर तो मॉनिटर घेऊ नका, मग त्याच्या खोक्यावर डायनॅमिक कॉन्ट्रास्टचे दहा लाख, कोटी काहीही छापलेलं असो. गडद चित्र आलं की अख्खा दिवा मंद आणि उजळ आलं की प्रखर, अशा दोन वेगळ्या क्षणांची तुलना करून तो आकडा काढतात. एकाच फोटोत तो कधीच मिळत नाही.

मिनी एलईडी मॉनिटरमध्ये मागच्या दिव्याचे शेकडो भाग असतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र मंद होतो, यालाच लोकल डिमिंग म्हणतात. सिनेमाला ते फार सुंदर. आपल्या कामात मात्र काळ्या शेरवानीवरच्या मोत्यांभोवती धुरकट वलय दिसतं, आणि ते फोटोत आहे की दिव्यात, कळत नाही. एडिटिंग करताना लोकल डिमिंग बंद ठेवा. तसाच डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ऑटो ब्राइटनेस आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी चित्राप्रमाणे उजेड बदलणारी विंडोजची सेटिंगही बंद करा.

मोबाइलवर फोटो चांगला का दिसे, तेही ग्राहकाला आधीच सांगून ठेवा. अॅमोलेड स्क्रीनला मागचा दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, काळ्याच्या जागी विझतो, आणि फोन उन्हात आपोआप प्रखर होतो. चकचकीत फोटो कागदावर मात्र जास्तीत जास्त २००:१ च्या आसपास कॉन्ट्रास्ट मिळतो.

सगळं लावून झालं की एक छोटी प्रिंट काढून घ्या. शालू, हिरवा चुडा, काळा कोट आणि दोन-तीन वेगळ्या वर्णाचे चेहरे एकाच फोटोत असतील असा निवडा. ती प्रिंट मॉनिटरशेजारी ठेवून जुळवा. प्रिंट अजूनही काळी वाटली तर फाइलला हात लावू नका, दिवा आणखी दोन पायऱ्या उतरवा आणि परत बघा. माझा शेवटी १०५ निटच्या आसपास स्थिरावला. दर तीन महिन्यांनी, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला नक्की, मी परत कॅमेरा लावून मोजते.