रोहूला उवा लागल्या? औषधाआधी या चुका टाळा

मासे कडेला अंग घासतायत, उड्या मारतायत, खाद्य तसंच पडून राहतंय, एवढं सांगून लोक फोनवर थेट औषधाचं नाव मागतात. मासा हातात घेऊन बघितला का, विचारलं की गप्प. ज्यांनी बघितला ते म्हणतात, काहीच दिसलं नाही. दिसणार कसं? जाळं ओढताना ऊ अंग सोडून पोहत निघून जाते. मी पांढऱ्या बादलीत तळ्याचंच पाणी घेऊन त्यात एक रोहू पाच मिनिटं ठेवतो. अर्ध्या मसुराएवढी चपटी, पारदर्शक टिकली चकरा मारताना दिसली की समजायचं, आर्ग्युलस, म्हणजेच माशांची ऊ. हा किडा झिंग्या-खेकड्यांच्या भावकीतला.

सगळ्यात महागात पडते ती दुसरी चूक: एकदा औषध मारून मोकळं होणं. माझ्या भाच्याचं अस्तराचं शेततळं. पहिल्या डोसानंतर उवा गायब, भाचा खूश. तीन आठवड्यांत पहिल्यापेक्षा दुप्पट. ‘मामा, औषध डुप्लिकेट निघालं!’ मी जाऊन पाण्यातला बांबू उलटा केला. खालच्या अंगाला अंड्यांच्या रांगा, डिंकाने चिकटवल्यासारख्या. मादी मासा सोडून दगड, बांबू, पाइप अशा टणक जागी अंडी घालते आणि अंड्यांवर औषध फारसं चालत नाही. कोमट पाण्यात ती दोन-तीन आठवड्यांत फुटतात, थंडीत जास्त वेळ घेतात. म्हणून दुसरा डोस लागतोच, तोही नवी पिढी अंडी घालायच्या आत.

हे सांगून मी घरी आलो. पठ्ठ्याने रागात त्याच रात्री दुप्पट मात्रा ओतली. औषध सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाच्या जातीचं, माशांनाही विषारी. सकाळी रोहू पोट वर करून. कटला ज्यावर जगतो ते पाण्यातले बारीक जीवही उवांच्याच भावकीतले, तेही साफ. तळ्यात झिंगे असतील तर या औषधाचं नावच काढू नका. बाकी ठिकाणी मात्रा मत्स्य अधिकाऱ्याला विचारून, पाणी मोजूनच. अंदाजपंचे नको.

माझा भर अंड्यांवर. कडेने बांबूचे तुकडे दोरीला बांधून सोडतो, दर रविवारी काढून कडक उन्हात वाळवतो. कंटाळवाणं काम आहे, दोन रविवार चुकवले की ते बांबूच उवांची शाळा होतात.

जखमा दिसल्या की अल्सरचं औषध ओतू नका, आधी ती बादली. शेजाऱ्याचं जाळं न वाळवता वापरू नका. मत्स्यबीज बघितल्याशिवाय सोडू नका. आणि अंगातून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर ती ऊ नाही, नांगर किडा. उपटलात तर मुंडकं मासातच राहतं.