बोर्दोचं साल कसं पारखायचं: २०१० च्या निमित्तानं

अथणी भागातल्या द्राक्ष बागायतदाराला साल म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस लागला की गळ आणि कूज, ढगाळ हवा टिकली की केवडा रोग, आणि बेदाणा शेडवर असताना अवकाळी आला की वर्षभराचा हिशेब पाण्यात. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या भागाची गत वेगळी नाही. बाटलीवर छापलेलं साल म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष. युरोपच्या नियमानुसार आतली किमान ८५ टक्के द्राक्षं त्याच सालची असावी लागतात. वाइन बाटलीत भरतात ती बहुधा त्यानंतर दीड-दोन वर्षांनी.

बोर्दोची १९४५, १९६१, १९८२, २००५, २००९, २०१० आणि २०१६ ही लाल वाइनची साले थोर मानली जातात. पारखायला २०१० सोयीचं आहे. पंधरा वर्षं उलटल्यामुळं कच्चेपणा बराच ओसरलाय, आणि लागूनच २००९ असल्यानं ताडून बघता येतं. जुनी साले हाताशी नसतील तर २०१९ आणि २०२१ ची जोडी घ्या, रीत तीच. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगताना लक्षात ठेवा, विमानातून येणाऱ्या माणसाला ड्युटी न भरता दोन लिटरच दारू आणता येते. म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या.

आणि त्या दोन बाटल्या बड्या नावाच्या मागवू नका. साल पारखायला पहिल्या श्रेणीचा शातो, म्हणजे स्वतःचा मळा असलेलं वाइनघर, अगदी कुचकामी. पैसा आणि माणसं भरपूर असल्यानं वाईट वर्षातही तिथं एकेक मणी निवडला जातो, उत्तम तेवढंच मुख्य वाइनमध्ये जातं आणि उरलेलं दुसऱ्या लेबलाखाली विकलं जातं. म्हणजे सालचे दोष गिऱ्हाइकापर्यंत पोचायच्या आतच झाकले जातात. साल उघडं पडतं ते मधल्या घराच्या बाटलीत: डाव्या काठावरच्या मेदॉक भागातला एखादा क्रू बुर्जुआ (बड्या श्रेणींच्या खालचा वर्ग), किंवा लेबलावर नुसतं 'बोर्दो सुपेरिअर' लिहिलेला साधा शातो. अशा घराची वाइनसुद्धा भरीव निघाली तर ते साल खरोखर मोठं. शक्य असेल तर तीन बाटल्या जमवा: मेदॉकची २०१०, नदीच्या उजव्या काठावरची, म्हणजे सें-तेमिलियों भागातली २०१०, आणि पहिली बाटली ज्या शातोची त्याचीच २०१३. तिसरी बाटली सगळ्यात महत्त्वाची. नापास सालाची चव माहीत असल्याशिवाय पास सालाची किंमत कळत नाही.

आधी हवामान

बाटली उघडण्याआधी त्या वर्षाचं हवामान वाचून ठेवा. आपल्याकडं एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असते. तिथं छाटणी एकदाच, हिवाळ्यात. मार्चअखेर-एप्रिलात डोळे फुटतात, जूनच्या सुरुवातीला फुलोरा येतो, ऑगस्टच्या आसपास मण्यात पाणी उतरून रंग चढतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तोडणी चालते. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत साधारण १०० ते ११० दिवस. मुख्य फरक पाण्याचा. बोर्दोत सहसा ठिबक टाकून वेल जगवत नाहीत, आभाळ देईल तेवढंच पाणी. दुसरा फरक तर आपल्या बागायतदाराला उलटाच वाटेल. खायच्या द्राक्षाचे घड आपण जिबरेलिक या संजीवकात बुडवतो (डिपिंग), विरळणी करतो, सगळा जीव मण्याच्या फुगवणीत. वाइनला मणी बारीकच हवा, कारण रंग आणि तुरटपणा मण्याच्या सालीत असतो. मणी लहान तेवढी रसाच्या मानानं ही साल जास्त.

बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक देनी द्युबुर्दियू यांनी थोर लाल सालासाठी पाच अटी मांडल्या होत्या. सोप्या भाषेत त्या अशा: फुलोरा लवकर, झटपट आणि कोरड्या हवेत व्हावा. मणी धरताना (सेटिंगच्या वेळी) वेलीला पाण्याचा थोडा ताण बसावा. पाणी उतरायच्या आत शेंड्याची वाढ थांबावी. त्यानंतर पानं हिरवी राहून माल पूर्ण पिकावा. आणि तोडणीत पाऊस नसावा. एवढ्यावर कुठलंही साल तपासता येतं.

२०१० पहिल्या अटीत अर्धवटच पास झालं. फुलोऱ्यात हवा गार होती, मेर्लो या द्राक्षाच्या जातीत गळ झाली, घडात शॉर्ट बेरी, म्हणजे न फुगलेले बारीक मणी, राहिल्या, उत्पन्न घटलं. पुढं मात्र उन्हाळा कोरडा गेला, ताण चांगलाच बसला, मणी बारीक आणि जाड सालीचे राहिले. शेवटच्या टप्प्यात रात्री गार पडल्यानं साखर चढली तरी आंबटपणा उतरला नाही. थोर सालांतही अशी जोडी रोज दिसत नाही. २००९ ला ऊन जास्त मिळालं, म्हणून ती वाइन गुबगुबीत, मऊ, लवकर खूश करणारी. २०१३ ला वसंत थंड आणि ओला, फुलोरा बिघडलेला, आणि तोडणीच्या तोंडावर दमट हवेत कूज सुरू झाल्यानं कित्येकांनी माल पुरता पिकायच्या आत उतरवला.

सालांचे तक्ते मिळतात, त्यात कित्येकदा अख्ख्या बोर्दोला एकच आकडा असतो. हजारो शातो, दोन्ही काठांची माती वेगळी, द्राक्षाची जात वेगळी, त्याला एक आकडा म्हणजे बेळगाव जिल्ह्याचा पाऊस एका आकड्यात सांगण्यासारखं आहे. खानापूरला झाडं कुजतायत आणि अथणीला टँकर चालू, सरासरी मात्र छान. शिवाय पहिले गुण दिले जातात ते तोडणीनंतरच्या वसंतात, वाइन अजून पिंपात असताना. ते दिशा म्हणून वापरा, निकाल म्हणून नको.

बाटलीची तपासणी

साल कितीही मोठं असो, बाटलीनं ऊन खाल्लं की संपलं. बेळगाव शहर साडेसातशे मीटर उंचीवर असल्यानं थोडं सुटतं, चिकोडी-रायबागकडं एप्रिल-मे महिन्यात बंद खोलीतही धग असते. वाइन पडून राहायला १२ ते १४ अंश लागतात. उभ्या गाडीची डिकी दुपारी दोन तासांत बाटलीचं वाटोळं करते.

बाटली उजेडासमोर धरून पातळी बघा. पंधरा वर्षांच्या बाटलीत वाइन मानेत असावी, फार तर मानेच्या बुडाशी. खांद्यापर्यंत उतरली असेल तर बूच गळलंय. बूच बाटलीच्या तोंडावर फुगून आलेलं असेल तर उष्णता लागली आहे. वरची टोपी बोटांनी फिरवून बघा, चिकटून बसली असेल तर खालून रस झिरपला असण्याची शक्यता. पावसाळ्यात लेबलाला बुरशी येते त्याचं टेन्शन नको, दमट हवा बुचाला मानवते. बूच काढल्यावर ते नीट निरखा. चांगल्या शातोच्या बुचावर नाव आणि साल छापलेलं असतं, ते लेबलाशी जुळलं पाहिजे. वाइनचा डाग खालच्या टोकाला असावा. एका कडेनं वरपर्यंत लाल रेघ गेली असेल तर गळती झालीच.

मांडणी

बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवा, गाळ बुडाशी बसतो. प्यायला १६ ते १८ अंश हवेत. 'घरच्या तापमानाला द्या' असं कुणी सांगेल, ते युरोपातल्या थंड घराचं तापमान. आपल्याकडं खोली ३० अंशांवर असेल तर बाटली फ्रीजमध्ये तास-दीड तास ठेवा. घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत उभीच बुडवा, १२-१५ मिनिटं. जास्त गार झाली तर तुरटपणा चिरका लागतो, गरम राहिली तर अल्कोहोल नाकात जातं. दोन्ही वेळा दोष सालच्या माथी मारला जातो.

२०१० ला हवा लागते. दोन तास आधी काचेच्या जगमध्ये ओता, मानेमागं मोबाईलचा टॉर्च धरा आणि गाळाची काळी रेघ मानेत आली की थांबा. शेवटचे ३०-४० मिलि सोडून द्यायचे. ग्लास मोठे, तोंडाशी निमुळते घ्या, प्रत्येकी माप ५० मिलि. सहा जणांना दोन फेऱ्या दिल्या तर ६०० मिलि जातात, शंभरेक मिलि दुसऱ्या दिवसासाठी उरतात. ते उरवाच. तिन्ही जग सारखे घ्या, रिकाम्या बाटल्या 'तरुण भारत'च्या पानांत गुंडाळा, आणि कुठल्या जगात काय आहे ते एकालाच माहीत असू द्या. नाव दिसलं की जीभ खोटं बोलते.

त्या खोलीत उदबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको, अत्तर नको. संकेश्वरी मिरचीचा रस्सा चव घेऊन झाल्यावर. तिखट जिभेला तुरट वाइन नुसती भाजते.

चव

आधी रंग. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. आजच्या २०१० चा गाभा गडद आणि काठ विटकरीकडं झुकलेला असावा. सगळीच तपकिरी दिसली तर बाटली उष्णतेनं गेली आहे.

मग वास. परदेशी पुस्तकांत काळ्या करंटचा वास लिहिलेला असतो, आपण ते फळ कुठं खाल्लंय? करवंद आणि जांभूळ मनात ठेवा, काम भागतं. काबर्ने या द्राक्षाच्या वाइनमध्ये त्याच्या जोडीला पेन्सिल तासल्यावर येतो तो वास असतो. वय झालेल्या बोर्दोत तंबाखू येतो, आणि निपाणीच्या वखारीत पाऊल टाकलेल्या माणसाला तो पहिल्याच हुंगण्यात सापडतो. फळ आणि तंबाखू एकत्र टिकून असतील तर वाइन भरात आहे. नुसताच तंबाखू आणि ओली पानं उरली असतील तर उतरणीला लागली. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास पुढं आला तर काबर्ने पिकलं नव्हतं, आणि हा दोष थेट सालचा. २०१३ मध्ये तो शोधा. उलट, मनुका आणि मुरंब्याचा जड वास म्हणजे माल उन्हात अति पिकला. २००३ च्या उष्णतेच्या लाटेतल्या पुष्कळ बाटल्यांत तो आहे.

आता घोट. तोंडात दहा सेकंद फिरवा आणि तीन जागा तपासा. पहिली जागा हिरड्या. काजूचं बोंड खाल्ल्यावर जीभ आणि टाळा आवळून येतो, तसा तुरटपणा इथं हिरड्यांवर बसतो. २०१० मध्ये तो जोरकस असणारच, प्रश्न त्याच्या जातीचा आहे. पिकलेल्या बोंडाचा तुरटपणा येतो आणि रसाबरोबर विरतो. कच्च्याचा घसा खरवडत मागं राहतो. वाइनमध्ये तो खरवडणारा असेल तर सालीतला आणि बियांतला तुरटपणा पिकला नव्हता, आणि तो वर्षानुवर्षं ठेवूनही सुधारत नाही. इथंच बहुतेक जण फसतात. तुरट म्हणजे टिकाऊ, असं समजून कच्च्या सालची बाटली जपून ठेवतात. फळ वाळून जातं आणि खरवड तेवढी उरते.

दुसरी जागा जबड्याचे कोपरे. गिळल्यावर तिथून लाळ सुटली पाहिजे, आमसूल चघळल्यासारखी. २००९ आणि २०१० शेजारी ठेवले की सगळ्यात ठळक फरक इथं लागतो. २००९ गोलसर आणि मवाळ, २०१० ला पाठीचा कणा. तिसरी जागा घसा. २०१० च्या बाटल्यांवर १४ टक्क्यांच्या पुढचं अल्कोहोल नेहमीचं आहे, उजव्या काठावर तर १५ च्या जवळ. आकडा मोठा असूनही घशाला ऊब न जाणवणं हीच त्या सालची परीक्षा. सें-तेमिलियोंच्या काही बाटल्या तिथं नापास होतात, हे मोकळेपणानं लिहून ठेवा.

गिळल्यावर घड्याळ बघा. फळाची चव किती सेकंद राहते ते मोजा. तुरटपणा किंवा जळजळ मोजू नका. पाचाच्या आत संपली तर साधी वाइन. दहापर्यंत गेली तर चांगली. मधल्या घराच्या बाटलीत ती पंधराच्या पुढं रेंगाळली तर सालला मनापासून दाद द्या. २०१३ ची बाटली बहुधा मधेच पोकळ लागेल: सुरुवात बरी, मग पाणचट, मग संपली.

दोष कुणाचा?

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या पोत्याचा वास म्हणजे बूच बिघडलंय. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर, तबेल्याचा उग्र दर्प, हे वाइनघराच्या स्वच्छतेचे दोष. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा शिरली. यातलं काहीही आलं तर ती बाटली हिशेबातून काढा, तिच्यावरून सालबद्दल एक शब्द लिहू नका. हिरवेपणा, पाणचटपणा, खरवडणारा तुरटपणा आणि भाजलेलं फळ हे दोष सालचे, पण तेही एका बाटलीवरून ठरवायचे नाहीत. दोन वेगळ्या घरांत तोच दोष सापडला तरच.

उरवलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर आधी बाहेर काढून पुन्हा चाखा. २०१३ एव्हाना आंबटसर आणि बसकी झालेली असेल. २०१० जर आदल्या रात्रीपेक्षा मोकळी आणि गोड वासाची लागली, तर त्याच घराची दुसरी बाटली आणखी पाच वर्षं ठेवायला हरकत नाही, १४ अंशांची सोय असेल तर. सोय नसेल तर येत्या थंडीतच उघडा.