पापुद्रे सुटणारी भिंत अशी सुधारली

बेडरूमच्या भिंतीला दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा वर्षभरात पापुद्रे सुटले. तिसऱ्यांदा आधी कारण शोधलं. भिंतीवरून हात फिरवला तर तळव्याला पांढरी भुकटी लागली. जुना डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा भुकटी होणारा रंग, तसाच होता, नवा रंग त्या भुकटीलाच धरून बसायचा! ओल नाही ना, हे बघायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून 24 तास ठेवला. आत थेंब नव्हते. मग पत्र्याने सगळं खरवडलं, ओल्या फडक्याने पुसून वाळू दिलं. खड्ड्यांत पुट्टी, 180 नंबरचा पॉलिश पेपर, मग प्रायमर, म्हणजे रंग भिंतीला घट्ट धरावा म्हणून आधी द्यायचा हात. हाच मी आधी टाळला होता. रंगाचे दोन पातळ हात, मध्ये 4 तास. आता चिकटपट्टी लावून ओढली तरी रंग सुटत नाही.